कळस नको, वळसा हवा

माँ ब्लाँ या डोंगराची उंची दर दोन वर्षांनी नव्याने मोजतात. त्याच्या माथ्यावर बर्फाचा जाड थर आहे आणि वारा-पाऊस-हिमवर्षाव यांच्या मर्जीप्रमाणे तो फुगतो किंवा खचतो. 2021 साली उंची 4807.81 मीटर भरली, 2023 साली 4805.59. मधल्या काळात दोन मीटर बावीस सेंटिमीटर डोंगर कुठे गेला याची चौकशी शास्त्रज्ञ करतील. पण 2023 साली जो माणूस शिखरावर पोचला, त्याला तोच दम आणि तोच खर्च करून सव्वादोन मीटर कमी मिळाले, आणि भरपाईचा अर्ज कुठे करायचा हे कोणी सांगत नाही. उलट याच डोंगराभोवती एक पायवाट आहे. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारी, सुमारे 170 किलोमीटरची, पाठीवर सॅक घेऊन दहा-अकरा दिवसांत पुरी होणारी. माथ्यावरचा बर्फ वाढो की वितळो, तिच्या लांबीत त्याने फरक पडत नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच की डोंगराशी संबंध ठेवायचाच असेल, तर त्याच्यावर चढण्यापेक्षा त्याला वळसा घालणं अधिक शहाणपणाचं. सोयीसाठी चढणाऱ्यांना कळसकर म्हणू आणि फेरी मारणाऱ्यांना वळसेकर.

शिखराची उंची बेभरवशाची, हे झालंच. शिवाय तिथे जागा फार थोडी असते आणि श्रेय त्याहूनही थोड्या माणसांत मावतं. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी 1760 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, या शिखराची वाट शोधून काढणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. 1767 साली ते स्वतः डोंगराभोवती फिरून आले. म्हणजे चढाईचं काम त्यांनी जनतेवर सोपवलं आणि वळसा स्वतःकडे ठेवला. कामाची अशी वाटणी करू शकणारा माणूस पुढे नावारूपाला आला यात नवल नाही. बक्षिसावर हक्क सांगायला 26 वर्षांनी माणसं मिळाली. मिशेल-गाब्रिएल पाकार हे डॉक्टर आणि डोंगरात स्फटिक शोधणारे झाक बाल्मा 8 ऑगस्ट 1786 रोजी माथ्यावर पोचले, खाली उतरले, आणि मग खरा पराक्रम कोणाचा हा वाद सुरू झाला तो शतकाहून अधिक काळ चालला. पायथ्याच्या शामोनी गावात 1887 साली स्मारक झालं. त्यात बाल्मा हात उंचावून सोस्यूरना शिखर दाखवतायत आणि पाकारांचा पत्ता नाही. त्यांचा वेगळा पुतळा लागायला 1986 साल उजाडलं. शिखरावर माणसं मोजून दोन होती, तरी त्यातल्या एकाला चौथऱ्यावर चढायला दोनशे वर्षं लागली. वळशाच्या वाटेवर असा तंटा उद्भवतच नाही. त्या खिंडींतून गुराखी, व्यापारी आणि त्यांची खेचरं पिढ्यान्‌पिढ्या जात होती. त्यांच्यातलं पहिलं कोण, हे ना गुराख्यांनी लिहून ठेवलं ना खेचरांनी.

माणसांचं राहू द्या, देशांचंही शिखरावर पटत नाही. माँ ब्लाँचा माथा संपूर्ण आपला, असं फ्रान्सचा नकाशा म्हणतो. सीमारेषा बरोबर माथ्यावरून जाते, म्हणून अर्धा आमचा, असं इटलीचा नकाशा म्हणतो. दोन सुसंस्कृत राष्ट्रं ज्या जागेवर कोणी राहू शकत नाही, जिथे काही पिकत नाही आणि जिची उंचीही स्थिर नाही, तिच्यासाठी एवढी वर्षं आपापल्या रेघेवर ठाम आहेत. वळसेकर मात्र 2516 मीटरवरच्या सेन्य खिंडीत एक पाय फ्रान्समध्ये नि दुसरा इटलीत ठेवून बिस्किटं खातो, आणि पुढे 2537 मीटरवरच्या ग्रां कोल फेरे खिंडीत इटली संपून स्वित्झर्लंड कधी लागलं हे त्याला बरेचदा पाटी वाचून कळतं. उंचीचा तोरा मिरवायचा म्हटलं तरी तो टिकत नाही. शामोनीहून एग्वी दु मिदी या सुळक्यापर्यंत 1955 सालापासून रोपवे आहे. तो सुमारे वीस मिनिटांत माणसाला 3842 मीटरवर नेऊन ठेवतो. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींतली आपली मंडळी तिथे स्वेटरवर स्वेटर चढवून जातात, चहा कुठे मिळेल याची चौकशी करतात आणि जेवायच्या वेळेला खाली हजर असतात. वळशाच्या वाटेवरची सर्वांत उंच जागा, अवघड पर्यायी वाटा धरल्या तरी, 2665 मीटर. म्हणजे अकरा दिवस घाम गाळणारा वळसेकर सहलीतल्या काकूंच्या हजारावर मीटर खाली राहतो. त्याने उंचीचं नाव न काढलेलं बरं, आणि वळशाची पहिली शिकवण नेमकी तीच आहे.

यावर कळसकरांचा आक्षेप ठरलेला: हे सगळं थकलेल्या गुडघ्यांचं तत्त्वज्ञान आहे, चढायची हिंमत नाही म्हणून बाजूने फिरायचं. तर हिशेबच मांडू. शामोनी गाव 1035 मीटरवर आहे. तिथपासून माथ्यापर्यंतची उंची पावणेचार हजार मीटरच्या थोडी वर जाते. वळशात एकामागून एक खिंडी चढाव्या लागतात, आणि त्या सगळ्या चढांची बेरीज सुमारे 10,000 मीटर होते. म्हणजे कळसकराच्या अडीचपटीहून अधिक. चढाईत बर्फाच्या भेगा, कोसळणारे दगड, विरळ हवा आणि जीव जाण्याची शक्यता असते, वळशात फार तर पायाला फोड येतात, हे मान्य. परंतु जीव जाण्याची शक्यता हाच पराक्रमाचा पुरावा मानायचा, तर सकाळी साडेआठला लोकलच्या दारात लटकणाऱ्या डोंबिवलीकरांना आधी पदकं वाटावी लागतील. काही उत्साही वळसेकर हा 10,000 मीटरचा आकडा एव्हरेस्टच्या 8849 मीटरशेजारी ठेवतात आणि मिशीवरून हात फिरवतात. त्यांनी हात आवरावा. जिथून निघायचं तिथेच परत यायचं असल्यामुळे जितकं चढलं तितकंच उतरावं लागतं, आणि शेवटी निव्वळ कमाई शून्य मीटर. असा चोख ताळेबंद सहकारी बँकांनाही जमत नाही.

शून्य कमाईवरून दुसरा आक्षेप निघतो, आणि तो व्यवहारी माणसाचा असतो. जिथून निघालो तिथेच यायचं, तर निघायचंच कशाला? शिवाय 1965 सालापासून डोंगराच्या पोटातून 11.6 किलोमीटरचा बोगदा आहे. फ्रान्समधल्या शामोनीहून इटलीतल्या कूर्मायरला जायला मोटारीला बोगद्यात पंधरा मिनिटंही लागत नाहीत, आणि वळसेकर त्याच दोन गावांमधे चार-पाच दिवस घालवतो. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण आपल्याकडे अशाच लोकांसाठी राखून ठेवली आहे. याचं पहिलं उत्तर असं की कळसकरही निघालेल्या जागीच परत येतो, नाहीतर बातमी होते. फरक इतकाच की तो बहुधा आल्या वाटेनेच उतरतो, म्हणजे एकच वाट दोनदा बघतो. दुसरं उत्तर अधिक महत्त्वाचं आहे. हा डोंगर शामोनीच्या बाजूने गोलसर, पांढरा आणि सोज्वळ दिसतो. इटलीच्या वेनी दरीतून तोच डोंगर म्हणजे अंगावर येणारी खडकांची भिंत आणि तिच्या पायथ्याशी राखाडी दगडमातीने माखलेली हिमनदी. स्वित्झर्लंडमध्ये शाँपेच्या आसपासच्या जंगलात तर तो दिसतच नाही. गाई दिसतात, लाकडी घरं दिसतात, खिडकीतल्या फुलांच्या कुंड्या दिसतात. ज्याच्याभोवती ही एवढी पायपीट चालली आहे तो बराच काळ गैरहजर, आणि जेव्हा दिसेल तेव्हा निराळा. एखाद्याविषयी मत बनवण्याआधी त्याला चारी बाजूंनी बघावं, हा नियम आपण व्याह्यांच्या बाबतीत पाळतो. डोंगराला तेवढीच सवलत द्यायला हरकत नसावी. बोगद्यातून जाणाऱ्याला डोंगर फक्त टोलच्या पावतीवर दिसतो.

खरं तर ही गोष्ट आपल्याला पटवून देण्याची गरजच पडू नये. पुण्यवान डोंगर दिसला की त्याच्याभोवती फिरायचं, ही आपली जुनी रीत. कैलासावर आजवर कोणी चढल्याची नोंद नाही; 52 किलोमीटरच्या परिक्रमेला मात्र लोक 5600 मीटरहून उंच असलेली डोल्मा खिंड ओलांडतात. गिरनारची कार्तिकातली 36 किलोमीटरची परिक्रमा आहे, तिरुवण्णामलैला अरुणाचलाभोवती पौर्णिमेला 14 किलोमीटर चालणारी गर्दी आहे, आणि आपल्या त्र्यंबकेश्वरला तिसऱ्या श्रावणी सोमवारी भर पावसात ब्रह्मगिरीची फेरी आहे. यातल्या कोणालाही आपण कमी हिंमतीचा म्हणत नाही. यावर घरोघरचे काटकसरी लोक गणपतीचा दाखला पुढे करतात. त्याने आईवडिलांभोवती फेरी मारून पृथ्वीप्रदक्षिणेचं पुण्य मिळवलं, मग विमानाचं तिकीट कशाला? दाखला बिनतोड आहे, पण परिस्थिती बदलली आहे. शंकर-पार्वती एका जागी बसलेले होते. हल्लीचे आईवडील निवृत्त झाले की घरी सापडत नाहीत. फेरी मारावी म्हणून मुलगा येतो तेव्हा ते रोपवेने एग्वी दु मिदीला गेलेले असतात.

मात्र युरोपातल्या वळशात आपल्या शास्त्राला एक धक्का बसतो. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवायचा. माँ ब्लाँची फेरी शामोनीजवळच्या ले उश गावापासून सुरू होते आणि बहुतेक लोक ती घड्याळाच्या उलट दिशेने करतात, म्हणजे डोंगर सगळा वेळ डाव्या हाताला. कैलासाभोवती हिंदू आणि बौद्ध डोंगर उजवीकडे ठेवून जातात आणि बोन पंथाचे लोक उलटे, तेव्हा उलटं जाण्यालाही धर्माचा आधार आहे असं समजून पापभीरू माणसाने पुढे चालावं. शास्त्र पाळून घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्याला पुण्य किती मिळतं ते माहीत नाही, शिक्षा मात्र लगेच मिळते: समोरून येणारा प्रत्येक जण त्याला एकदा भेटतो, आणि प्रत्येकाला हसून ‘बाँझूर’ म्हणावं लागतं. चढावर, धापा टाकत, दिवसभर. गर्दीच्या दिशेने जाणाऱ्याला दिवसभर एकाच माणसाची पाठ दिसते आणि कोणाशी बोलावं लागत नाही. वाटेवरचा खरा तीर्थप्रसाद हाच, असं पुण्यातल्या काही पेठांत तरी नक्की मानलं जाईल.

आता सॅकविषयी, कारण या सगळ्या युक्तिवादाचा भार तिच्यावर आहे. कळसकराची सोय अशी की त्याला त्याच वाटेने परतायचं असतं. म्हणून जड सामान तळावर ठेवून तो वर जातो. सोस्यूर 1787 साली अखेर शिखरावर गेले तेव्हा सोबत 18 वाटाडे आणि एक नोकर होता, त्यामुळे सामानाने त्यांचे खांदे दुखले असण्याचा संभव कमी. वळसेकराला ‘इथे ठेवू, येताना घेऊ’ हे वाक्यच उपलब्ध नाही, कारण येताना तो त्या ठिकाणी येत नाही. जे बरोबर घेतलं ते अकरा दिवस बरोबर राहतं. मराठी माणसाला ही परीक्षा फार कठीण जाते. आपलं सगळं घर ‘असू दे, लागेल कधीतरी’ या एका तत्त्वावर उभं आहे. श्रीखंडाचे रिकामे डबे आणि पिशव्यांनी भरलेली पिशवी ही त्याची दृश्य रूपं. हे तत्त्व सॅकमध्ये शिरलं की दोन टॉर्च येतात, त्या दोन्ही बिघडल्या तर म्हणून मेणबत्ती येते, चिवडा, चकली, मेतकूट आणि मेतकुटासाठी तुपाची बाटली येते. पहिल्या खिंडीच्या निम्म्या चढावर या प्रत्येक वस्तूची बाजू नव्याने ऐकून घेतली जाते आणि तूप दोषी ठरतं. मग माणूस दुसऱ्या टोकाला जातो. दात घासण्याच्या ब्रशचा दांडा अर्धा कापावा का, यावर गंभीर चर्चा होतात. आठ किलोचं पोट वर्षानुवर्षं बिनतक्रार वाहणारा गृहस्थ ऐंशी ग्रॅमच्या साबणाला दोन तुकड्यांत विभागतो. हास्यास्पद आहे खरं, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कळत असतं की गरज वेगळी आणि धास्ती वेगळी, आणि दोन्हींचं वजन मात्र एकाच खांद्यावर पडतं. ज्यांना हे शिकायचं नसेल त्यांच्यासाठी सामान या मुक्कामाहून त्या मुक्कामाला गाडीने पोचवणारेही आहेत. त्यांची सेवा जरूर घ्यावी. फक्त सामान गाडीत, मंडळी पायी, असा जो प्रकार असतो त्याला आपल्याकडे वरात म्हणतात.

कोणी म्हणेल, अकरा दिवस रानावनात एकटं फिरल्याने माणूस अंतर्मुख होतो, हा वळशाचा खरा फायदा. हा युक्तिवाद आमच्या बाजूचा असला तरी खोटा आहे. या वाटेवर राहायला रेफ्यूज नावाची डोंगरातली विश्रामघरं आहेत आणि मोसम जेमतेम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा, म्हणून मुक्काम कित्येक महिने आधी राखावे लागतात. निसर्गाच्या कुशीत जाणाऱ्या माणसाजवळ कुठल्या रात्री कुठली खाट, याचा पक्का तक्ता असतो. संध्याकाळी बूट दाराशी काढून ठेवायचे, पायात तिथल्या सपाता घालायच्या, जेवण ठरल्या वेळी, सगळ्यांना एकच, सूपपासून सुरुवात. उशीर झाला तर इतर जण वाटी पुढे सरकवतात, पण बघतात. रात्री एका खोलीत ओळीने खाटा आणि चार भाषांतलं घोरणं. व्याकरण सगळीकडे एकच. इटलीच्या बाजूला यातलं एक विश्रामघर वॉल्टर बोनात्ती या थोर गिर्यारोहकाच्या नावाने आहे. तिथे कळसकराच्या नावाखाली रोज संध्याकाळी वळसेकर ओले मोजे वाळत घालतात. शिखरातून वीर तयार होतात, वळशातून वेळेवर जेवायला येणारी माणसं. घरातल्या लोकांना या दोहोंपैकी कोण हवं असतं, याचं उत्तर कोणत्याही स्वयंपाकघरात मिळेल.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वळसेकरही बढाया मारतातच की! किलोमीटर, चढ, सॅकचं वजन, फोडांची संख्या, सगळं सांगतात. इतकंच नव्हे, याच वाटेवर 2003 सालापासून दर ऑगस्टअखेर धावण्याची शर्यत होते. जी फेरी सामान्य माणूस अकरा दिवसांत करतो ती पहिले येणारे साधारण वीस तासांत पुरी करतात. 2022 साली किलियान जोर्ने या धावपटूने ती वीस तासांच्या आत आणली. म्हणजे शिखर काढून घेतलं तरी माणूस घड्याळाचं शिखर करून त्यावर चढतोच. हे खरं आहे आणि यावर उपाय नाही. तरीही एक फरक उरतो. शिखराची बढाई एका वाक्यात मारता येते आणि ऐकणाऱ्याला पळायला अवधी मिळत नाही. वळशाची गोष्ट एकेक दिवस करत अकराही दिवसांची सांगावी लागते, त्यात कळसाध्याय नसतो, आणि तिसऱ्या दिवसाच्या खिंडीपर्यंत येताना श्रोता उठून पाणी आणायला गेलेला असतो. समाजाच्या दृष्टीने वळसेकर निरुपद्रवी आहे.

तेव्हा निकाल वळशाच्या बाजूने. ज्यांना तो मान्य असेल त्यांनी मुक्काम हिवाळ्यातच राखून ठेवावेत, सॅक भरून झाली की अर्धं सामान बाहेर काढावं, आणि उरलेल्यातून ‘असू दे’ म्हणून ठेवलेलं तेवढं पुन्हा काढावं. चालायच्या काठ्या मात्र कितीही हलकं व्हायची हौस असली तरी घरी ठेवू नयेत. चढाची तयारी सगळेच करतात. जिने चढतात, पर्वती चढतात, सिंहगड चढतात. उताराची कोणी करत नाही, आणि गुडघे उतारावर जातात. डोंगराभोवतीच्या वाटेवर उतार चढाइतकाच असतो, एक मीटरही कमी नाही.